भाताचं वाक्य

रिताचा फोन आला तेव्हा मी एका मेलेल्या माणसाच्या कानाभोवतीची भिंत पुसत होते. फ्लेक्सच्या दुकानात हे रोजचंच काम. घरचे लोक कुठल्यातरी लग्नातला फोटो आणून देतात, मी त्यातला माणूस शेजारच्या पाहुण्याच्या खांद्यापासून सोडवते, त्याला ढगांवर ठेवते आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकते. तेच ढग जरा पिवळे केले की कुणाच्यातरी वाढदिवसाचा फ्लेक्स होतो. साकोलीत हायवेला लागूनच आमचं दुकान आहे. ट्रक गेला की टेबल हलतं आणि कान थोडा जास्तच कापला जातो. "गुंजन," रिता म्हणाली, "काकू पात सोडून धुऱ्यावर जाऊन उभी राहिली. बोलूनच नाही राहिली कोनाशी." मी विचारलं, का म्हणून? मागे बायांचे आवाज येत होते, पण भाताच्या रोवणीच्या वेळी असतात तसे नव्हते, हळू होते. "मी शेवटचा भाग वाचून राहिली होती," रिता म्हणाली. "बिजू खालीच राहते, तिथवर आली, अन् काकू उठली. तू ये न बाई." माझा हात माउसवर होता. मी त्या माणसाचा कान पूर्ण केला आणि मग उठले.

रिता आमच्या सानगडीच्या घराशेजारी राहते. तिला सातवा महिना आहे, चिखलात वाकणं बंद आहे. म्हणून रोवणीच्या टोळीची मुख्य सुलोचनाबाई तिला छत्री आणि मोबाइल देऊन धुऱ्यावर, म्हणजे भातखाचराच्या, बांधीच्या, बांधावर बसवते. "तू वाच, आमी रोवतो, वाटा तुहा बी," असं ठरलेलं आहे. याआधी ती घरी वाचून यायची आणि रोवता रोवता सांगायची. ती जे वाचते ते मी लिहिलेलं असतं. मोबाइलच्या एका ॲपवर तीन वर्षांपासून माझी मालिका चालू होती, 'तळाखालचं गाव'. सहा पर्वं झाली. वाचणारे पुण्याचे, लातूरचे, दुबईचेसुद्धा, आणि ऐकणाऱ्या ह्या, गुडघाभर चिखलातल्या. काल संध्याकाळी मी शेवटचा भाग टाकला होता आणि ॲपचं तोंड बंद करून ठेवलं होतं.

पात सोडली, हे ऐकून मी लगेच निघाले त्याला कारण आहे. रोवणीत बांधीची एकेक पट्टी एकेकीला वाटून देतात, ती तिची पात. पऱ्ह्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी घ्यायची, चिखलात खोचत मागे मागे सरायचं, धुऱ्याला पाठ टेकली की पात संपली. अर्धी पात सोडून उठू नये. उठलं तर घरचं बाहेर गेलेलं माणूस अर्ध्या वाटेत अडकतं, असं आमच्याकडे मानतात. माझी आई, गिरजाबाई, अंगात ताप असतानाही पात सोडून उठलेली नाही. माझा भाऊ भूपेंद्र घरातून गेल्यापासून तर ती दुसऱ्यांच्या अर्ध्या राहिलेल्या पातीसुद्धा पुऱ्या करते. मालकाला, बाबूलाल शेठला, मी म्हटलं की आईची तब्येत बिघडली, जाते. तो म्हणाला, "जाय. पण ह्या बुढ्याचा फ्लेक्स आजच पाह्यजे न?" मी म्हटलं, "शेठ, तो आता कुठं जाऊन नाही राहिला." मला स्वतःचाच राग आला, पण बाबूलाल हसला आणि पंख्याखाली जाऊन बसला.

बस स्टँडवर भूपेंद्रचा फ्लेक्स अजून टांगलेला आहे. मीच केलेला, 'हरवला आहे', खाली माझा नंबर. तीन उन्हाळ्यांनी त्याचा चेहरा खाल्ला. शर्टाची चौकड तेवढी शाबूत आहे, कारण ती गडद निळी होती. नवा छापायचं मी दर महिन्याला ठरवते आणि दर महिन्याला टाळते. आपल्याच भावाला भिंतीपासून सोडवायचं म्हणजे हात चालत नाही, आणि ढगांची फाइल तिथेच बाजूला उघडी असते. तो बोरवेलच्या गाडीवर कामाला गेला होता, तेलंगणात. गाडीवाल्यानं सांगितलं ते एवढंच की एका गावाबाहेर चहा प्यायला उतरला आणि परत गाडीत चढला नाही. चपला गाडीतच होत्या. भांडण? नाही. दारू? तो पीतच नव्हता. ठाण्यात लिहून दिलं, तिकडच्या ठाण्यातही माणूस पाठवला, गाडीवाल्याच्या पाया पडलो, त्याला शिव्याही दिल्या. चहाच्या पुढे काही सरकलं नाही. बाबा आधीच गेलेले, म्हणून घरात उरलो आई आणि मी.

सानगडीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तरी मी बाहेर पाहिलं नाही. ॲपचं तोंड उघडलं आणि प्रतिक्रिया धो धो आल्या. 'ताई, रडवलंत, पण काय लिहिलंत!' 'सहा पर्वं वाचून हाती हे? आमचा वेळ परत द्या.' 'माझा मुलगा बारावीला आहे, कालपासून नीट जेवला नाही, याला जबाबदार कोण?' 'कडूगोड शेवट हेच प्रगल्भ साहित्याचं लक्षण,' हे एका निवृत्त प्राध्यापकांचं, त्यांना प्रत्येक भागात कशाचं ना कशाचं लक्षण दिसतंच. 'शेवट बदला, नाहीतर तुमचं पुढे काहीच वाचणार नाही.' 'दगडावर एक ठोका आला म्हणजे बिजू जिवंत आहे ना? ताई, फक्त हो किंवा नाही सांगा, प्लीज.' आणि एका बाईचं, हात जोडल्याच्या चित्रासकट, 'लेखिकेला घरातलं माणूस जाणं काय असतं हे ठाऊक नसावं. ठाऊक असतं तर असं लिहवलंच नसतं.' मी ते दोनदा वाचलं. बाई, तुमच्या तोंडात साखर पडो. पण मी थांबले नाही, खाली खाली सरकवत राहिले. मी या सगळ्यांत एकालाच शोधत होते.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. ही मालिका मी वाचकांसाठी लिहिलीच नव्हती. ती भूपेंद्रला दिसावी म्हणून लिहिली. माणूस घर सोडतो, गाव सोडतो, नंबर बदलतो, पण मोबाइल पाहायचं कोण सोडतं? कुठल्यातरी खोलीत, कुठल्यातरी दुपारी, तो बोटानं पडदा सरकवत असेल आणि त्याला आमचा तलाव दिसेल. म्हणून मी स्वतःच्याच नावानं लिहिलं. त्यात आमच्याच पाळीवरची, म्हणजे तलावाच्या बांधावरची, चिंच टाकली, आमचीच लंगडी कुत्री टाकली. तलावाचं पाणी शेतात सोडायचं जे दगडी तोंड असतं, ज्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात, त्याच्याशी आम्ही लहानपणी खेळायचो तो खेळ टाकला. एकानं पाळीच्या अलीकडे दगडाला कान लावायचा, दुसऱ्यानं पलीकडून गोट्यानं ठोकायचं. एक ठोका म्हणजे 'आहे'. गोष्टीत तलावाच्या तळाशी एक गाव आहे, तिथं पाणी अडवून धरणारा राजा आहे, बिजू नावाचा पोरगा खाली ओढला जातो आणि त्याची बहीण चारोळी त्याला आणायला सहा पर्वं पाण्यात हिंडते. प्रत्येक भागाच्या खाली मी त्याची वाट पाहिली. एक शब्द टाकला असता तरी पुरे होतं. चुकीच्या नावानं, शिवी देऊन, कसाही आला असता तरी मी ओळखलं असतं. वाचक वाढत गेले, हजारो झाले, आणि तो त्यांच्यात नव्हता. मग मी शेवट लिहिला. खालच्या राजाचा पाडाव होतो, तुडुम उघडतो, वरच्या सगळ्या बांध्या पाण्यानं भरतात, पण तुडुमाची फळी कुणीतरी आतून दोन्ही हातांनी धरून ठेवल्याशिवाय उघडी राहत नाही, म्हणून बिजू खालीच राहतो. चारोळी एकटी वर येते. दरवर्षी रोवणीला ती दगडाला कान लावते आणि आतून एक ठोका येतो. लोक म्हणाले कडूगोड. मी तो रागानं लिहिला होता. तू खालीच राहिलास असं मी आता जाहीर करते आहे, जिवंत असशील तर बोल, भांड माझ्याशी, म्हण की असं नाही झालं, गुंजन. एवढंच मला म्हणायचं होतं. बस कुठल्याशा फाट्यावर थांबली, भेळवाला चढला आणि उतरला, आणि मी शेवटच्या प्रतिक्रियेपर्यंत पोचले. ती लातूरच्या एका मुलीची होती.

आईला मात्र गोष्ट गोष्ट म्हणून कळतच नव्हती. पहिल्याच पर्वात बिजू ताकात कालवलेल्या भाताला वरून लोणच्याचा खार लावून खातो, तेव्हाच ती रोवता रोवता सरळ उभी राहिली म्हणे. "तो त आपलाच हाय." त्या दिवसापासून ती मला आडून आडून विचारायची, भाजी चिरताना, केस विंचरताना. "मंग येते न तो घरी?" मी म्हणायची, "ऐकशील तवा समजल." कौतुकानं म्हणायची, लेखिका ना मी! आणि आईनं भात सोडला होता. भूपेंद्र गेला त्या वर्षी पाळीवरच्या देवीपुढे बसून तिनं सांगितलं की पोरगा येईस्तोवर भाताचा घास घेणार नाही. आमच्याकडे भात सोडणं म्हणजे जेवण सोडणंच आहे. इथं जेवलास का असं कोण विचारतं, भात झाला का विचारतात. दिवसभर लोकांच्या बांध्यांत धान रोवायचं आणि घरी येऊन एक कोरडी पोळी पाण्याबरोबर गिळायची. ती वाळत गेली, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरनं पापणी खाली ओढून पाहिली आणि माझ्यावरच ओरडला. मी रडले, भांडले, तिच्या ताटात भात वाढून ताट तसंच ठेवून पाहिलं. तिनं तो शांतपणे कुत्र्याला घातला. मग यंदा उन्हाळ्यात सुलोचनाबाईनं मधला रस्ता काढला. "गिरजे, गोष्टीतला बिजू घरी आला त दोन घास खाशील का वं?" टोळी हसली असेल. आई हसली नाही. ती देवीकडे गेली, नारळ फोडला आणि नवस बदलून आली. गोष्टीतला आला तरी चालते, देवी हो म्हणते. हे मला रितानं सांगितलं तेव्हा शेवट लिहायचा बाकी होता. मला माहीत होतं, आणि तरी मी तो तसा लिहिला. आईच्या तोंडचा भात एका बाजूला आणि भूपेंद्रची एक शिवी दुसऱ्या बाजूला, अशी ती निवड होती, आणि मी शिवी निवडली.

बसमध्ये मी ॲप उघडून 'संपादन' वर बोट ठेवलं होतं. दोन मिनिटांचं काम. फळीला एक दगड लावायचा, बिजूचे हात मोकळे करायचे, दारात आणून उभा करायचा. हे मी आधीही करून पाहिलेलं आहे. कितीतरी वेळा त्याला दारापर्यंत आणला. पण तो दारात आला की पुढे काय बोलतो ते मला सुचत नाही. आणि चेहरा येत नाही, नुसता निळ्या चौकडीचा शर्ट दारात उभा राहतो. बस उतारावरून खाली आली, तलाव दिसला, आणि माझं बोट तसंच पडद्यावर राहिलं.

बांधीवर पोचले तेव्हा दुपार चढली होती, आभाळ भरलेलं होतं पण पडत नव्हतं, अंगाला चिकटणारा उकाडा होता. बाया धुऱ्यावर रांगेनं बसल्या होत्या. शिदोऱ्या सोडलेल्या होत्या पण कुणी खात नव्हतं. हिरव्या पातींच्या मधोमध एक पात अर्धी होती, तिच्या तोंडाशी पऱ्ह्यांची जुडी चिखलात कलंडलेली. आई पलीकडच्या धुऱ्यावर उभी होती. पाय पोटरीपर्यंत चिखलानं काळे, हातांवरचा चिखल सुकून पांढरा पडलेला. मला वाटलं होतं ती रडत असेल, किंवा देवीच्या दिशेनं तोंड करून काही पुटपुटत असेल. ती फक्त चिडलेली दिसत होती.

"आली काय," ती म्हणाली. "रितानं काहीतरी भलतंच वाचलं. तिचं लक्ष पोटात राहते. तू वाच."

रितानं छत्री मिटून मांडीवर घेतली. मी मोबाइल काढला. मी वाचायला लागले, राजाचा पाडाव, तुडुमाचं उघडणं, बांध्यांमध्ये शिरणारं पाणी, आणि मग त्या जागी आले जिथं बिजू फळी धरतो. तिथं मी पडद्यावरून नजर हलवली नाही आणि मनचं बोलायला लागले. चारोळीनं फळीखाली एक मोठा धोंडा सारला, बिजूनं हात सोडले, दोघं पोहत पोहत वर आली, आई दारातच उभी होती. मला वाटतं मी चांगलं वाचत होते. आवाजही हलला नाही. मग सुलोचनाबाईनं खाली पाहिलं, आणि तिच्या शेजारच्या कुंताबाईनंही, आणि सगळी रांग आपापल्या पायांकडे पाहायला लागली.

"रितानं असं नाही वाचलं," आई म्हणाली.

तिनं आधी रिताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दोघींतून कोन खोटं वाचते?"

रिताच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिला खोटी ठरवून आई भात खाईल, एवढं सोपं होतं ते. रितानंही मान डोलावली असती, मला खात्री आहे, ती तशी आहे. सातव्या महिन्यात ती तेवढंही करून गेली असती.

"मी," मी म्हटलं.

"मंग लिवलं ते वाच."

मी वाचलं. चारोळी एकटी वर येते तिथं माझा आवाज फुटला, पण मी वाचलं. दगडाला कान, आतून एक ठोका, संपलं. आई इतका वेळ अर्ध्या पातीकडे पाहत होती. मला वाटलं आता ती चिखलात बसेल, नाहीतर माझ्या अंगावर धावून येईल, ये बाई, मार मला एकदा. शेकडो लोकांनी मला कालपासून बोल लावले होते, त्यातला एकही मला लागला नव्हता, तिचा लागला असता.

"दोनी हातानं फळी धरून ठेवते म्हणतेस," आई म्हणाली.

"हो."

"सोडून नाही देत कधीच?"

"सोडली तर पाणी बंद होते, आई."

"मंग जेवते कसा?"

इतके लोक, बदला म्हणणारे, प्रगल्भ म्हणणारे, फक्त हो किंवा नाही सांगा म्हणणारे, त्यांच्यापैकी एकालाही हे विचारावंसं वाटलं नव्हतं. मलाही लिहिताना वाटलं नव्हतं. मी त्याचे हात कायमचे गुंतवून टाकले होते आणि त्याला उपाशी ठेवून वर आले होते.

"कोनीतरी देत असंल," मी म्हटलं.

"लिवलं हाय का?"

"नाही."

"मंग लिव. बसून काहून राहिली? लिव न."

मी धुऱ्यावरच बसले. दोनदा चुकीची अक्षरं उमटली. आई माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली. तिला वाचता येत नाही, तरी ती पडद्यावर पाहत होती. खालच्या गावात बाया असतात का, तिनं विचारलं. असतात, मी म्हटलं. लेकरंबाळं असलेल्या? हो. मग मी ते वाक्य लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. 'रोज दुपारी खालच्या गावातली एक बाई ताकात कालवलेला भात घेऊन यायची आणि बिजूला आपल्या हातानं भरवायची, कारण त्याचे दोन्ही हात गुंतलेले असत.' "खार लाव वरून," आई म्हणाली. मी तेवढं घातलं आणि भाग पुन्हा टाकला.

मग तिनं चिखलाचे हात पाटात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून नीट, घाई न करता. ती सुलोचनाबाईजवळ जाऊन बसली आणि तिच्या डब्याकडे बोट दाखवलं. "दे थोडा." सुलोचनाबाईनं डबा जवळ ओढला. "त्याले तिकडं भात भेटत नसंल म्हून मी खात नव्हती," आई म्हणाली, सगळ्यांनाच, जराशी लाजून, पाहुण्याच्या घरी दुसऱ्यांदा वाढून घ्यावं तशी. "त्याले भेटते त मी काहून नोको खाऊ?" सुलोचनाबाईनं भात तिच्या तळहातावर ठेवला. तो गार होता, वरण आळून त्याला चिकटलं होतं. माझा मोबाइल मांडीवर थरथरत होता, कुणीतरी ते नवं वाक्य वाचलं असावं, शेवटाला हे भाताचं काय मध्येच, असं काहीतरी लिहीत असावं. मी पाहिलं नाही. आईनं घास केला. तीन वर्षं मी या घासासाठी तिच्या पायांवर डोकं आपटलं होतं. घास तोंडाशी आला आणि मला कळलं की तो पोटात गेला की सगळं संपलं. ती आता दारात उभी राहणार नाही, बाहेरच्या चपलांच्या आवाजानं उठून बसणार नाही, भूपेंद्र खाली राहिला असं आमच्या घरात ठरून जाईल, मी लिहिलं म्हणून. मी तर फक्त त्याला चिडवायला लिहिलं होतं.

"आई, नोको खाऊ," मी ओरडले. "थांब. बदलवून देऊ का? दोन मिनिटं लागतात. वर आणून देते त्याले, आई, नोको खाऊ न!"

टोळीतल्या सगळ्या बाया माझ्याकडे वळून पाहायला लागल्या. आई चावत होती. तिचा जबडा हळू चालत होता, विसरलेलं काम आठवून आठवून करावं तसा. तिनं गिळलं, चिखल न लागलेल्या मनगटानं तोंड पुसलं आणि अर्ध्या पातीकडे एकदा पाहिलं.

"चूप बस," ती म्हणाली. "जेवून घेऊ दे मले. पात बाकी हाय."

आणि तिनं सुलोचनाबाईपुढे पुन्हा हात केला.